कोऱ्या बाटलीतले बावीस

१५ सप्टेंबर, सोमवार

नमुना हरिणीला दिला! मला नाही — हरिणीला!

सोळा वर्षं या लॅबमध्ये काढली मी. चिदंबर सरांनी पहिलं यंत्र घेतलं तेव्हा त्याचं खोकं फोडायला मी होते. आणि आज सकाळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कचऱ्याची माती हरिणी बघेल. वसुमती तिला लागेल ते सांगेल." लागेल ते! म्हणजे मी आता विचारायला ठेवलेलं पुस्तक.

काम मोठं आहे. शहराबाहेरचा जुना कचऱ्याचा डोंगर उपसून, चाळून खालची बारीक माती निघाली आहे. ती ठेकेदाराला पापनाशमजवळ एका गावात शेतांमधला रस्ता उंच करायला टाकायची आहे. दोन्ही बाजूंना भात, एका बाजूला कालवा. पावसात त्या मातीतून काय काय पाण्यात उतरेल, ते आम्ही सांगायचं. डांबरी, तेलकट, जळक्या प्लास्टिकचं — जे उतरेल ते.

सूर्यनारायण सर महिनाअखेरीस निवृत्त होतात. रिपोर्टावर सही आजवर त्यांची. पुढची सही कोणाची ते चिदंबर सर दसऱ्याला ठरवणार. आणि त्याच्या ऐन तोंडावर मोठा नमुना हरिणीला! मला काय कळत नाही?

१६ सप्टेंबर, मंगळवार

हरिणीला येऊन सात महिने झाले. वय सव्वीस. चेन्नईची एम.एस्सी. आपल्यातलीच, इथल्या जुन्या मराठी घरातली — राजवाड्याच्या पलीकडच्या गल्लीतल्या कनकलताबाईंची नात — पण मराठी बोलते ती तमिळमध्ये घोळवून. सरांना त्याचंही कौतुक. "बघ, पोरीला येतं तरी!" मी पुण्यात दोन वर्षं शिकून आले, देवनागरी सरळ लिहिते, त्याचं कधी कोणाला कौतुक नव्हतं. एक फायदा मात्र आहे. ही वही टेबलावर उघडी टाकली तरी साईरामना देवनागरीचं एक अक्षर कळत नाही. नवरा असावा तर असा.

१७ सप्टेंबर, बुधवार

हरिणीने काल-आज सराव म्हणून नुसत्या पाण्याची बाटली चालवली. आम्ही त्याला ब्लँक म्हणतो — कोरी बाटली. आत माती नाही, बाकी सगळं तेच करायचं. काचेच्या बाटलीत पाणी, चोवीस तास यंत्रावर गरगर फिरवायचं, गाळायचं, सॉल्व्हंटमध्ये ओढायचं, आटवायचं, मग काय किती उतरलं ते मोजणाऱ्या जीसी मशीनला द्यायचं. कोऱ्या बाटलीत काही सापडलं तर ते मातीतलं नव्हे, आपल्या हातचं.

तिची कोरी बाटली स्वच्छ. शून्य! सरांनी कागद हातात धरून सगळ्यांना दाखवला. जणू हिनेच पाणी शोधून काढलं.

फनेल कसा हलवायचा, मधे मधे तोटी उघडून वाफ कशी सोडायची — हे तिला कोणी शिकवलं? मी. माझ्याच हाताने.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कानामागून आली आणि तिखट झाली.

२० सप्टेंबर, शनिवार

फिरवायचं यंत्र दोन महिने कुरकुरत होतं. मी तीनदा लिहून दिलं होतं, मेकॅनिक बोलवा म्हणून. आज हरिणीने झाकण काढलं, खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले. आवाज बंद. सर म्हणाले, "बघितलंस?" मला म्हणाले! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी बघितलं ते वेगळंच. तिचा कुर्ता इस्त्रीचा, केस नीट बांधलेले, कानात बारीक मोती. माझी साडी कालचीच. पाचशे रुपयांची, सुती, धुऊन धुऊन रंग उडालेली. आरशात बघून वाटलं, हिला कोण सही देईल?

२२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून नवरात्र. पेटी उघडली. लग्नातली, सासूबाईंनी दिलेल्या, बहिणीच्या लग्नातली — अकरा रेशमी साड्या नुसत्या पडून. आता नऊ दिवस रोज रेशमी. गोलूच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला संध्याकाळी घरोघरी जायचंच असतं, लॅबमधून परस्पर जाता येईल, हे निमित्त छान.

गर्द जांभळी नेसून गेले. सूर्यनारायण सर म्हणाले, "काय वसुमती, आज लॅबला लक्ष्मी आली!" हरिणीही म्हणाली, "अय्यो अक्का, किती छान दिसताहांत!" अक्का! पंधराच वर्षांनी मोठी मी. पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

हरिणीने खऱ्या मातीच्या बाटल्या आज यंत्रावर चढवल्या.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज हिरवी, लाल काठांची. हरिणी गाळत होती तेव्हा मी तिच्या खांद्याशी उभी राहिले. कचऱ्याची माती चिकट, दोन-दोन तास लागतात गाळायला. नुसतं पाणी दहा मिनिटांत जातं. मी हलले नाही. कुठे चुकते ते बघायचं होतं. एकदाही चुकली नाही, मेली.

२४ सप्टेंबर, बुधवार

चुकली!!

कोऱ्या बाटलीत नॅप्थलीन. चौदा! मातीत त्रेपन्न. मर्यादा दहाची. पण ब्लँकमध्येच चौदा निघाले तर मातीच्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? हरिणी कागद धरून उभीच राहिली. "अक्का, बाटली तर मींच धुतलें. दोनदां धुतलें."

मी म्हटलं, "होतं असं. नवीन हाताला होतं." आवाज अगदी मऊ ठेवला. आतून अशी उकळी फुटत होती की बस.

घरी येऊन नैवेद्याला हरभऱ्याचं सुंडल केलं. फोडणी मस्त बसली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हरिणीने कालच सगळी काच पुन्हा धुतली, भट्टीत घातली, सॉल्व्हंटची नवी बाटली फोडली, बाटल्या यंत्रावर चढवल्या. आज पुन्हा गाळायला बसली. मी मोरपंखी नेसले होते. तिच्याजवळच खुर्ची ओढून बसले. म्हटलं, मदत करते. खरं म्हणजे बघायचं होतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बावीस! कोऱ्या बाटलीत बावीस! मातीत साठ.

धुऊन, भाजून, नवं सॉल्व्हंट घेऊन वाढलंच. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. "बिचारी" हे मी आता लिहिलं, तेव्हा तिथे असं काही वाटलं नव्हतं.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. वही घेऊन. "अक्का, बघा न. पैलींदा मातींतून कोरं वजा केलें तर एकोणचाळीस. आज वजा केलें तर अडतीस. दोन्हींदा तेवढंच उरतें. म्हणजे मातींत आहेच कीं. वरचं तेवढं बाहेरून येतें. पण कुठून? सराव केलें त्या दिवशीं कांहीं नव्हतें. या आठवड्यांत काय बदललें?"

मी म्हटलं, "तू काय लावतेस गं अंगाला? अत्तर? क्रीम?" ती लाल झाली. "मी कांहीं नाहीं लावत."

एकोणचाळीस आणि अडतीस. हुशार आहे. म्हणूनच तर!

२९ सप्टेंबर, सोमवार

सरांकडे गेले. मी होऊन गेले, कोणी बोलावलं नव्हतं.

म्हटलं, मला त्या पोरीचं वाईट बोलायचं नाही. (असं म्हटलं की पुढे वाईटच बोलायचं असतं, हे सरांनाही माहीत.) म्हटलं, ब्लँक दोनदा खराब आला, नॅप्थलीनचा आकडा धरता येणार नाही, तो हातचा दोष आहे. बाकी सगळे आकडे मर्यादेत आहेत. नॅप्थलीन वगळा आणि रिपोर्ट द्या. ठेकेदार रोज दोनदा फोन करतो आहे.

सर म्हणाले, "ती म्हणते दोन्ही वेळेला वजाबाकी तीच येते."

मी तयारच होते. "सर, कोरं पाणी दहा मिनिटांत गाळून होतं. माती दोन तास उघडी असते. हवेतून बसायचं ते मातीच्या बाटलीत जास्त बसणार. मग वजाबाकीला अर्थ काय?"

सरांनी आकड्यांचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "सोळा वर्षांचा अनुभव तो हा."

हा शब्द ऐकायला सोळा वर्षं थांबले मी.

३० सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी राजम आत्यांकडे गोलू बघायला गेले. साईरामच्या आत्या. वय ब्याऐंशी, डोळे अधू, नाक मात्र शाबूत. मी वाकून नमस्कार केला तशी त्यांनी पदर धरला आणि तोंड फिरवलं.

"कां गे, पेट्टींतून काढून तशीच नेसलीस? उन्हांत घालायला नोको? अस्कं घर डांबरगोळीच्या वासानें भरलें!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

डांबरगोळी. पेटीत मूठभर आहेत, सासूबाईंच्या वेळच्या, पांढऱ्या, अर्ध्या विरलेल्या. डांबरगोळी म्हणजे दुसरं काय! नॅप्थलीनच! हे मी लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना शिकवते. सॉल्व्हंट हुंगून हुंगून सोळा वर्षांत माझं नाक मेलं, वास येतच नाही. आणि मी रोज नवी साडी झटकून नेसत होते आणि हरिणीच्या खांद्याशी दोन-दोन तास उभी राहत होते. वरचा पांढरा कोट गुडघ्यापर्यंत. खाली सगळं रेशीम.

नवरात्राच्या पहिल्या सोमवारपासून. "या आठवड्यांत काय बदललें?" मी बदलले.

कुंकू लावून घेतलं, नारळ घेतला, रिक्षाने आले. साईराम म्हणाले, "चेहरा कां असा?" डोकं दुखतंय म्हटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. लॅबमध्ये सगळ्या यंत्रांना गंध, कुंकू, झेंडूच्या माळा. जीसी मशीनच्या डोक्यावर लिंबू. आज कशालाही हात लावायचा नाही, बटण दाबायचं नाही. यंत्रं आज सरस्वतीची. उद्या विजयादशमीला तिची परवानगी घेऊन सुरू करायची.

मी सुती नेसले. रात्रभर विचार केला आणि मार्ग सापडला. मी सरांना सांगितलं ते खरंच तर निघालं! दोष बाहेरचा होता, मातीचा नव्हता. नॅप्थलीन वगळलं ते बरोबरच केलं. कोणाच्या साडीचं, कोणाच्या हातचं — रिपोर्टाला काय फरक पडतो? मग सांगायचं कशासाठी? उगाच आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

आरतीनंतर हरिणी सरांपाशी गेली. मी प्रसादाची पानं मांडत होते, ऐकू येत होतं. "सर, एकदांच परत करूं द्या. आत्तां बाटल्या चढवलें तर उद्यां —"

"आज यंत्र फिरवायचं? गंध लावलेलं?" सर रागावलेच. "आणि उद्या रिपोर्ट जायचा आहे. मुहूर्त आहे उद्याचा."

ती माझ्याकडे आली. माझ्या हातातून पान घेतलं. "सरि अक्का," — बरं — एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिने वर बघितलंही नाही. बरं झालं. बघितलं असतं तर काय केलं असतं मी, कोण जाणे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. आज लहान मुलांचं बोट धरून तांदळात पहिलं अक्षर काढून घेतात. सरांना अशा गोष्टींची हौस. सूर्यनारायण सरांचं जुनं शाईचं पेन पूजेतून काढलं, माझ्या हातात दिलं. "वसुमती, आजपासून सही तुझी. शुभ दिवस आहे, पहिली इथे कर."

कचऱ्याच्या मातीचा रिपोर्ट. तळाशी लिहिलेलं — भरावासाठी योग्य. नॅप्थलीनसमोर तीन शब्द: चाचणीदोषामुळे आकडा वगळला.

केली. वळणदार केली. टाळ्या वाजल्या. हरिणीनेही वाजवल्या. तिचे डोळे सुजलेले होते.

साईरामनी अशोक हलवा आणला. दोन घास खाल्ले.

४ ऑक्टोबर, शनिवार

हरिणीला सरांनी बाहेरच्या कामावर टाकलं. आता ती गावोगावी फिरून विहिरींचं, कालव्याचं पाणी भरून आणणार. मोपेडवरून, उन्हात. जाताना तिने आपली वही माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्हीच ठेवा अक्का. मला आत्तां नोको."

मला वाटलं होतं, हे सगळं झाल्यावर मत्सर जाईल. गेला नाही! तिची वही उघडली — एकही खाडाखोड नाही, रकाने पट्टीने आखलेले. पुन्हा पोटात दुखलं. जिंकून झाल्यावरही हिच्यावर जळायचं? हे काय भलतंच!

६ ऑक्टोबर, सोमवार

ठेकेदार शिवकुमार पेढे घेऊन आला. आजपासून माती टाकायला घेतली म्हणाला. दिवसाला पंधरा लॉऱ्या. "मॅडम, तुमच्या सहीनें काम सुटलें." पेढे वाटले.

८ ऑक्टोबर, बुधवार

एकोणचाळीस. अडतीस.

कोरी बाटली एकदा चौदा, एकदा बावीस. म्हणजे साडीचं कमीजास्त झालं. एक दिवस उभी होते, एक दिवस खुर्ची ओढून चिकटून बसले होते. मग उरलेलं कमीजास्त का झालं नाही? दोन तास उघड्या बाटलीत साडीचं बसलं असतं तर तेही चौदा-बावीससारखं हललं असतं. ते जागचं हललं नाही.

हे गणित मला आज सुचलं? नाही. २९ तारखेला सरांच्या खोलीत बोलत असतानाच सुचलं होतं. मी बोलत राहिले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काही नाही. उगाच काळजी. बाकीचे आकडे मर्यादेत आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हरिणी दुपारी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. उन्हाने काळवंडली आहे. त्याच गावातून आली म्हणाली — रस्ता बराच पुढे गेला, पोरं त्या मातीच्या ढिगावर खेळत होती. सहज सांगितलं. माझ्याकडे बघून नाही, बाटल्या मांडता मांडता.

मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "परवाइल्लै अक्का." चालेल म्हणाली. माझा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने खाल्लं नाही. मला त्याचा राग आला, हेही लिहून ठेवते.

११ ऑक्टोबर, शनिवार

मनाची समजूत म्हणून. फक्त तेवढ्यासाठीच.

सुती साडी, काल रात्री नुसत्या पाण्यात खळखळून धुतलेली. केसांना तेल नाही. पेटीच्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. राखून ठेवलेल्या मातीतून नव्वद ग्रॅम, काचेची बाटली, पाणी. शेजारी कोरी बाटली. सकाळी नऊला दोन्ही यंत्रावर चढवल्या. लॅबमध्ये कोणी नाही, सर कुंभकोणमला लग्नाला गेले आहेत.

यंत्र अजून कुरकुरत नाही. तिचं खोबरेल तेल टिकलं आहे.

माती स्वच्छ निघाली तर कोणालाही काही सांगायची गरज नाही. मग मी सुटले. तशीच निघू दे. देवा, तेवढं एक कर. मग हरिणीला परत आत घ्या असं मीच सरांना सांगेन. नक्की सांगेन.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी तीन. कोरी बाटली — शून्य. माती — अडतीस.

मशीनला पुन्हा दिलं. सदतीस.

सरांना विचारलं नाही. शिवकुमारला फोन लावला, म्हटलं, लॉऱ्या थांबवा, टाकलेली माती उचला. तिकडे गलका होता, त्याला आवाज ओळखू आला नाही. "कोण बोलतंय?" ओरडून विचारलं त्याने.

"रिपोर्टावर जिची सही आहे ती," मी म्हटलं.